उसना तास

परचुरे बाई मला पहिल्यांदा "बोला, खडकी" म्हणाल्या तेव्हा अख्खा वर्ग हसून थांबेपर्यंत मी नुसती उभी होते. दिवाळीनंतर त्या पुन्हा तसंच म्हणाल्या, तर मी म्हणाले, "खडकी बोलतेय, सदाशिव पेठेनं कान द्यावेत." वर्ग परत हसला, पण या वेळी माझ्या बाजूनं. बाईसुद्धा ओठ दाबून हसल्या. त्या दिवशी मी शिवाजीनगर स्टेशनपर्यंत अक्षरशः उड्या मारत गेले. घरी आई पप्पांना म्हणाली, "पाहा बरं, या पोरीले कोणी चावी देऊन राहिलं काय? थांबतच नाही."

चावी प्रज्ञावर्गानं दिली होती. शहरातल्या आठवीच्या मुलांची चाचणी घ्यायची, त्यातली 'विशेष बुद्धिमान' पोरं वेचायची आणि शाळेत जे कधीच शिकवत नाहीत ते त्यांना रविवारी शिकवायचं, असा तो प्रकार. पैसा एका सॉफ्टवेअर कंपनीचा, डोकं परचुरे बाईंचं आणि हॉल बुधवार पेठेतल्या एका जुन्या शाळेचा. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. आमच्याकडे तर पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर कुणीतरी 'येथे जावा शिकवले जाईल' अशी पाटी लावली होती आणि तिथून उतरणारी पोरं पांढरी होऊन उतरायची.

आमच्या शाळेतून दोघी निवडल्या गेल्या. मी, म्हणजे आम्रपाली रामटेके, आणि मैना. दोघींचे वडील दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आणि दोघींची क्वार्टर एका भिंतीला लागून. मैनाला तिच्या आजीचं नाव ठेवलेलं. मैना मुळशीकडची. बोलायची फार कमी आणि बोलली की तोंडातून 'हाय' आणि 'न्हाई' निघेल म्हणून वर्गात आणखीच कमी. पहिल्याच रविवारी अक्षता नावाच्या मुलीनं तिला नाव विचारलं आणि नाव ऐकून मागे वळून म्हणाली, "ए, हिला मिरची द्या कुणीतरी. बोलेल मग."

मैनाला राग आला नसावा. ती फळ्याकडे बघत होती. बाईंनी गणित अर्धंच लिहिलं होतं आणि हिचं उत्तर काढून झालं होतं. ते मला माहीत होतं, कारण उत्तर आलं की ती डाव्या हाताची नखं तपासायची.

आता उसना तास म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं त्यावरच घडलं. प्रज्ञावर्गात आपलं गणित आपण सांगायचं नाही. जोड्या पाडलेल्या. माझ्या गणिताची रीत मैनानं सांगायची, मैनाची मी. बाईंचं म्हणणं असं, की स्वतःच्या डोक्यात काय आहे ते गाढवालाही कळतं. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून तिथलं सामान न हलवता बाहेर येणं ही खरी बुद्धी. सांगणारानं स्वतःचं काही घालायचं नाही. ज्याचं गणित आहे त्यानं गप्प बसायचं. शेवटी बाई त्याला विचारणार, "मांडलं का तुझं?" आणि त्यानं एकच शब्द बोलायचा, 'बरोबर' किंवा 'नाही'. बस्स.

ऐकायला किती छान! पण बुद्धिमान पोरं ती, त्यांनी महिन्याभरात त्यातली खरी मेख शोधली. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. फक्त खरं कुठून सांगायला सुरुवात करायची ते आपण ठरवायचं. अक्षता तिच्या जोडीदाराबद्दल फार गोड आवाजात सांगायची, "रोहननं हे आधी चार रीतींनी चुकवलं. पण चिकाटी बघा त्याची! मग त्याला माझ्या वहीत डोकावल्यावर सुचलं." सगळं खरं. रोहनला 'बरोबर' म्हणावंच लागायचं. एकदा तो मुतारीत जाऊन रडला. बाईंना कुणीतरी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तोंड धुऊन ये म्हणावं. पुढचं गणित त्याच्याचसाठी ठेवलंय."

मला मात्र उसना तास जाम आवडायला लागला. शाळेत मी सारखी बोलते म्हणून बाकावर उभी राहायचे. इथं बोलण्याचे गुण होते! आणि माझ्याकडे सामान कुणाचं होतं, तर मैनाचं. ती दोन ओळींत गणित संपवायची. घरी येताना लोकलमध्ये मी ते दोन ओळींचं गणित उलगडून, झटकून, इस्त्री करून ठेवायचे आणि पुढच्या रविवारी असं मांडायचे, की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकून बसायची. टाळ्या मला पडायच्या. मैना शेवटी म्हणायची, "बरोबर."

फेब्रुवारीत बाईंनी जाहीर केलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत कंपनी काही मुलांना बंगळूरला नेणार. तिथं मोठमोठे लोक शिकवणार, राहायचं तिथंच, आणि जे जातील त्यांच्या अकरावी-बारावीकडेही कंपनी लक्ष देणार. मी हात वर करून जवळजवळ किंचाळलेच. मग बाई म्हणाल्या, "प्रत्येक जोडीतून एक."

माझा हात हवेतच राहिला.

मधल्या सुट्टीत मी बाईंना गाठलं. "बाई, पण मी आणि मैना एका जोडीत का आहोत?"

"अगं, तुम्ही दोघी एकाच ठिकाणाहून येता. जायला-यायला एकमेकींची सोबत, शनिवारी घरी बसून तयारी करायची सोय. तुमच्या भल्यासाठीच केलंय."

"म्हणजे खडकीतून एकच जाणार, हे आमच्या सोबतीसाठी ठरलं?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खडकीतून एक जाणार, हे आजवर कधी ठरलं होतं का? मग झालं तर."

अक्षता मागेच उभी होती. तिच्या शाळेच्या चौघी चार वेगवेगळ्या जोड्यांत होत्या. ती मला म्हणाली, "चिल, आम्रपाली. तुमच्यात एकच तिकीट. तुम्हाला काय, शेअर करायची सवय असेल ना क्वार्टरमध्ये."

त्या दिवशी लोकलमध्ये मी मैनाला म्हटलं, "आपण एकमेकींचं चांगलंच सांगायचं. अक्षतासारखं करायचं नाही. मग ते ठरवतील."

"हां," मैना म्हणाली.

"शप्पत?"

"आता शप्पत कशाला? चांगलंच सांगायचं हाय ना?"

पण मला जायचं होतं. किती जायचं होतं, ते मी मैनालाही सांगितलं नव्हतं. मी मोरीतल्या आरशासमोर "हॅलो, आय ॲम आम्रपाली फ्रॉम पुणे" असं इतक्यांदा म्हटलं होतं, की धाकटा भाऊ मला 'फ्रॉम पुणे' म्हणून हाक मारायला लागला होता. पप्पांनी तर निकालाआधीच फॅक्टरीत सांगून टाकलं, पोरगी बंगळूरला चालली. आणि एक भीती होती. प्रज्ञावर्ग संपला, की मी परत शाळेतल्या त्या बाकावर जाणार, जिथं मी हुशार नव्हते, आगाऊ होते.

शेवटच्या उसन्या तासाला कंपनीचे संजय सर आले. तरुण होते, अमेरिकेतून नुकतेच परतलेले, टाय लावलेले आणि पाण्याची विकतची बाटली हातात घेऊन फिरणारे. ते सगळ्यांना "हाय गाईज" म्हणाले. मैना दचकली आणि माझ्या कानात म्हणाली, "हे बी 'हाय' म्हनत्यात." आम्ही दोघी खुसखुसलो. त्यानंतर आम्ही एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

आधी माझं गणित होतं, म्हणजे बोलणार मैना. गणित एका खेळाचं: ढिगातून चिंचोके उचलायचे, एका वेळी एक, दोन किंवा तीन, शेवटचा चिंचोका जो उचलेल तो जिंकला. जिंकायची युक्ती काय? माझी युक्ती होती, की समोरच्यासाठी नेहमी चारच्या पाढ्यातला आकडा उरेल असं खेळायचं. त्यानं एक उचलला तर आपण तीन, त्यानं दोन तर आपण दोन. मैनानं हे चार वाक्यांत सांगितलं, जमिनीकडे बघत. पण चोख. काहीच सांडलं नाही.

संजय सर मागे रेलले. "नाईस. आणि शेवटचा चिंचोका उचलणारा हरतो, असा नियम केला तर? त्याचं काय केलंय तुझ्या पार्टनरनं?"

काहीच केलं नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं. नियमाप्रमाणे मैनानं म्हणायला हवं होतं, 'तिनं हा विचार केलेला नाही.' अक्षतानं तर ते साखर घालून म्हटलं असतं.

मैनानं डाव्या हाताच्या नखांकडे पाहिलं. मग मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा.

"आम्रपाली म्हणते, ढिगातला एक चिंचोका मनातल्या मनात बाजूला ठेवायचा. तो नाहीच असं समजायचं. उरलेल्यांत तोच खेळ, तीच युक्ती. उरलेल्यांतला शेवटचा आपण उचलला, की बाजूचा तो एक समोरच्याच्या गळ्यात."

संजय सर पुढे वाकले. "ब्युटिफुल," ते म्हणाले, आणि मैनाकडे नाही, माझ्याकडे बघून.

बाईंनी मला विचारलं, "मांडलं का तुझं?"

मी मोठ्यांदा म्हणाले, "बरोबर."

मग माझी पाळी. मैनाचं गणित असं: एका समारंभात लोक एकमेकांशी हात मिळवतात, कुणी कितीही वेळा. ज्यांनी विषम वेळा हात मिळवला अशा माणसांची संख्या नेहमी सम येते, ती का? मैनाचं सगळं उत्तर एवढंच होतं: 'एका वेळी दोन हात लागतात.' त्याच्यातून मी नाटक उभं केलं. चार मुलांना पुढे बोलावलं. म्हटलं, अजून कुणी कुणाला शिवलेलं नाही, म्हणजे विषमवाला एकही नाही. अक्षताला रोहनशी हात मिळवायला लावला, तिनं तोंड वाकडं केलं तरी. प्रत्येक वेळी दोघांचेच आकडे बदलतात: दोन सम असतील तर दोन विषम होतात, दोन विषम असतील तर सम होतात, एकेक असेल तर नुसती अदलाबदल. म्हणजे विषमवाले वाढले तरी दोनानं, घटले तरी दोनानं! "मैनानं हे सगळं," मी म्हणाले, "एका वाक्यात पाहिलं. मला ते सांगायला चार माणसं लागली." टाळ्या! संजय सरांनी बाटली काखेत धरून वाजवल्या. मी शब्द पाळला होता. चांगलंच सांगितलं होतं.

"बरोबर," मैना म्हणाली आणि हसली.

सगळ्या जोड्या झाल्यावर बाईंनी आम्हा दोघींना टेबलापाशी बोलावलं. संजय सर म्हणाले, "टफ आहे. तुम्ही दोघी अगदी इक्वल आहात. मला ठरवता येत नाहीये."

"मग त्यांनाच ठरवू द्या," परचुरे बाई म्हणाल्या. जणू खडू कुणी आणायचा ते ठरवायचं होतं. "मुलींनो, बाहेर व्हरांड्यात जा. शेवटचा उसना तास समजा. मैना, आम्रपालीला का जायला हवं ते तू सांग. आम्रपाली, मैनाची बाजू तू मांड. आमचा चहा होईपर्यंत एक नाव घेऊन या. रडारड नको, शाळेचा शिपाई झोपलेला असतो."

व्हरांड्यात खाली रस्त्यावरून रेडिओवाल्या दुकानातलं गाणं येत होतं. आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो.

"सांग," मी म्हटलं.

मैनाला वेळ लागला नाही. "तुला जायचं हाय. तू मनानं कवाच गेलीस. तुझ्या पप्पांनी समद्यांना सांगून ठिवलंय. तू गेली न्हाईस तर तू परत पहिल्यावानी व्हशील, हे भ्या वाटतंय तुला." ती थांबली. "बरोबर?"

मला राग आला. आरशासमोरचं, शाळेतल्या बाकाचं, काहीच मी तिला सांगितलं नव्हतं. ही माझ्या डोक्यात येऊन, सामान न हलवता बाहेर गेली होती.

"बरोबर," मी म्हटलं.

आता मी. मला दिसत होतं, की मैनालाही जायचंय. तिनं नवी रिबीन लावली होती. बंगळूर कुठं आहे ते तिनं भूगोलाच्या नकाशात पेन्सिलनं टिंब देऊन ठेवलं होतं, मी पाहिलं होतं. तिथून सुरुवात केली असती तर ती बंगळूरला गेली असती. मी तिथून सुरुवात केली नाही.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मैनाला लोकांनी बघितलेलं आवडत नाही," मी म्हणाले. "मैना वर्षभर वर्गात आपणहून एकदाही उठली नाही. तिकडे सगळे इंग्रजीत बोलणार. मैनाला गणित येईल, पण ते आलंय हे कुणाला कळणारच नाही, कारण तिथं तिच्या वतीनं बोलायला मी नसेन."

तिनं तोंड उघडलं. मी बोट वर केलं. ज्याचं आहे त्यानं गप्प बसायचं.

"मैनाचं 'न्हाई' ऐकून ती मुलं हसतील. इथं अक्षता एकटी आहे, तिथं पन्नास असतील. रात्री मैना रडेल आणि घरी फोनवर 'बरं हाय' म्हणेल. आणि मैनाला त्या जागेची गरजच काय? मैना गिरणीत उभी राहूनसुद्धा गणित सोडवते. तिचं डोकं कुणी काढून घेऊ शकत नाही. माझं बोलणं मात्र ऐकायला कुणी असलं तरच आहे. हे मैनाला माझ्याआधी कळलंय. म्हणून तर तिनं मघाशी स्वतःचं उत्तर माझं म्हणून सांगितलं. मैनानं तेव्हाच ठरवलं होतं, कुणी जायचं ते."

यातलं एकेक वाक्य खरं होतं. शेवटचं सोडून. पण ते इतक्या खऱ्यांच्या मागून आलं होतं, की मैनाला ते वेगळं काढता येईना. मी तिच्या चेहऱ्यावर बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ती एखादं गणित सोडवत होती आणि तिला वेळ लागत होता. तिच्या ओठांवर 'न' आला होता, मी शपथेवर सांगते. मग तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं, नंतर खिडकीतून आतल्या त्या सगळ्या पोरांकडे. अक्षता टेबलावर बसून पाय हलवत होती. ती काहीतरी म्हणाली आणि सगळे खिदळले. आमच्याबद्दल नसेलही, पण वेळ काय नेमकी साधली!

दार उघडून बाईंनी डोकं बाहेर काढलं. "झालं? मांडलं का तुझं, मैना?"

मैना म्हणाली, "बरोबर."

"छान. नाव?"

"आम्रपाली," तिनंच सांगितलं.

संजय सरांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "तू कन्व्हिन्स कसं केलंस तिला? वी नीड पीपल लाइक यू." परचुरे बाई कप विसळत होत्या. मैना आत येईपर्यंत थांबल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "डोकं एकीला मिळालं, तोंड दुसरीला. यंदा तोंडाचं वर्ष आहे. चला, पंखे बंद करा."

शिवाजीनगरपर्यंत मैना माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. मी दोनदा हाक मारली. लोकलमध्ये ती समोरच्या बाकावर बसली आणि खडकी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तिनं भांडावं म्हणून मी तिला चिडवलंसुद्धा. ती चिडली नाही. वाईट वाटलं का मला? वाटलं. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी इतक्या जोरात उसळत होतं, की मला बसवत नव्हतं. मी जिंकले होते! कुणाकडून चोरून नाही, वशिल्यानं नाही. सगळ्यांसमोर, नियमानं, बोलून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पेढे घेऊन शेजारी गेले. मैना खाली बसून भाकऱ्या थापत होती. तिची आई, कौशल्याकाकू, कपडे घडी करत होत्या. मला बघून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि मग तोंड सुटलं ते पोरीवर.

"बघ, बघ ही कशी चालली! आन् तू? चालून दारात आलं हुतं, तर म्हनं मला न्हाई जायचं. एवढी मोठी घोडी झाली, भ्याली! कोंडीराम मास्तराच्या घरात असली भित्री पैदास न्हाई झाली आजवर." मैनाच्या आज्याला गावात मास्तर म्हणत. "तिचा बाप चार दिस जेवला न्हाई नीट. म्हनतो, पोरीनं आपल्या हातानं लाथाडलं."

मैना भाकरी थापत राहिली.

काकू माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला. "आम्रपाली, तू तिथं हुतीस. तू खोटं न्हाई बोलायचीस. हिला कुनी दाबलं का गं? का खरंच न्हाई म्हनली ही?"

थापायचा आवाज थांबला. मैनानं वर पाहिलं. तिच्या दोन्ही हातांना पीठ होतं आणि ते तिनं तसेच परातीवर धरून ठेवले होते. तिच्या बाजूनं बोलायला त्या खोलीत मी एकटीच होते.

"नाही काकू," मी म्हणाले. "कुणी नाही दाबलं. तिनं स्वतः सगळ्यांसमोर माझं नाव सांगितलं. विचारा तिला."

काकूंनी विचारलं नाही. त्यांनी हातातलं घडी केलेलं धोतर गरकन फिरवलं आणि मैनाच्या पाठीत हाणलं. फार लागलं नसेल. मग त्यांनी पेढ्यांचा पुडा कपाळाला लावला आणि डोळे पुसत मला म्हणाल्या, "तू मोठी हो बाय. आन् तिकडनं आलीस ना, की हिला जरा चार मान्सांत तोंड उघडायला शिकव."

"शिकवीन की," मी म्हणाले.